विरजणाचा डबा परत देताना

विहीणबाई,

दही लावून बसलेय. मे महिन्यातली दुपार हाय, तीन-चार तासांत लागंल. तोवर पातेल्याला हात लावायचा न्हाई असं मनाला बजावलंय, कारण हलवलं की दही मोडतं आन माझा हात सारखा झाकणाकडं जाऊन राहिलाय. तुम्ही असता तर म्हणला असता, "ताई, त्याचं त्याला काम करू द्या." आवाज न चढवता म्हणला असता. तुमच्या त्या न चढणाऱ्या आवाजानं माझं किती रक्त आटलं असंल, देवालाच ठाऊक.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. परवा तेरावं हाय. तुमची अश्विनी, माझा पोरगा आन आपली ओवी परवा सकाळी नांदेडला येतील. मी मात्र उद्याच्या पहिल्या एसटीनं एकटीच निघतेय. व्याह्यांना उद्या जे सांगायचंय ते आधी तुम्हाला सांगून बघते, म्हणजे तिथं जीभ अडखळायची न्हाई. म्हणून ही वही काढली.

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. मला काही जमायचं न्हाई. मी तुमच्यावर जळायचे, विहीणबाई. पहिल्या दिवसापासून जळायचे आन अजूनबी जळते.

लग्नात मुलाची आई मी. मान माझा, पाटावर मी बसलेली, पाय तुम्ही धुवायलात, आन मांडवातल्या सगळ्या बायका बघायल्यात कुणाकडं? तुमच्याकडं! तुमच्या त्या जाडजूड वेणीकडं. माझ्या पैठणीकडं एकीचं लक्ष असंल तर शपथ. पाय धुता धुता तुम्ही हळूच म्हणलात, "ताई, मला कुसुमच म्हणा की. विहीणबाई म्हणलं की मलाच भ्या वाटतंय." मी म्हणलं, "रीत असती ती." तुम्ही हसलात आन टॉवेलानं माझे पाय पुसलेत. तेव्हापासून मी रीत पाळत आले, एकदाबी चुकले न्हाई.

तुमच्याकडं गोदावरी. आमच्या लातुरात नळाला पाणी आलं की बायका घरात पाहुणा आल्यासारख्या धावपळ करतात. तुमचं माहेर अर्धापूर, केळीच्या बागाच बागा. माझं माहेर चाकूर, तिथं सोयाबीन. आता सोयाबीन कुणी नातीला सोलून देतं का हो? वेणी सोडून दिली असती, नदीबी सोडून दिली असती. पण तुमचा तो उन्हाळ्याचा नाश्ता मला काही केल्या सोडवला न्हाई.

दर मे महिन्यात ओवी आजोळी जायची. महिनाभर तुमच्याकडं राहून काळी-सावळी, गुबगुबीत होऊन परत यायची. आल्या आल्या मी पहाटे उठून मुरमुऱ्याची सुशीला करायची, हिरवी मिरची-शेंगदाण्याची फोडणी देऊन, तिच्या जोडीला धपाटे. बाहेर ऊन, आत तवा, पदर घामानं भिजलेला. आन ही आठ वर्षांची भवानी ताटाकडं बघून म्हणायची, "आजी, नांदेडचा नाश्ता कर ना."

नांदेडचा नाश्ता! काय असतंय त्यात? गाडग्यातलं गार दही. त्यात केळ्याच्या जाड चकत्या, खरबुजाच्या फोडी, असला तर एखादा आंबा, भिजवलेल्या मनुका. चिमूटभर मीठ, किसलेला गूळ. आन वाटी हातात देताना वरून मूठभर ज्वारीच्या लाह्या, कुरकुर वाजणाऱ्या. झालं. गॅस न्हाई, तवा न्हाई, कपाळाला घाम न्हाई. ह्याला करणं म्हणतात का? मी जन्मभर तव्यापुढं उभी राहिले आन तुम्ही फळं चिरून बाजी मारलीत.

तीन वर्षांमागं ओवीला न्यायला मी नांदेडला आले होते, आठवतंय? तुम्ही माझ्यापुढंबी तीच वाटी ठेवलीत. व्याही खाऊन राहिले, ओवी खाऊन राहिली, तिसऱ्यांदा वाटी पुढं करून राहिली. मला लई भूक होती, वासबी चांगला येत होता आंब्याचा. मी वाटी सरकवली आन म्हणलं, "सकाळी सकाळी चूल पेटली न्हाई तर त्याला सुतकाचं घर म्हणतात आमच्यात." व्याह्यांचा घास तिथंच थांबला. तुम्ही उठलात, गॅस लावलात, माझ्यासाठी पोहे टाकलेत. पोहेबी चांगले झाले होते, त्याचाबी मला राग आला.

त्याच उन्हाळ्यात मी घरी चोरून करून बघितलं. केळी कशाला, म्हणलं, आपण पपई घालू, रंग तरी येईल. संध्याकाळी दह्यात पपईच्या फोडी टाकून फ्रिजात ठेवल्या, गार व्हाव्यात म्हणून. सकाळी ओवीनं एक घास घेतला आन तोंड वाकडं केलं. "आजी, ह्याच्यात औषध हाय का?" मी चाखलं तर कडू जहर. त्या पोरीनं लगेच फोन करून तुम्हाला सांगितलं. मी कान लावून बसले, आता हसतील म्हणून. तुम्ही म्हणलात, "पपई दह्यात ठेवली की कडूच होती गं. ताईला म्हणावं, ताजी चिरून लगेच खाल्ली की गोड लागती." हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. शिकवून राहिली मला, म्हणलं, आन पपईच आणायची बंद केली.

आन आता तुमच्या त्या विरजणाचं सांगते, म्हणजे पाप सगळं एकदाच ओतून होईल.

दर उन्हाळ्याच्या शेवटी ओवीबरोबर तुम्ही तो स्टीलचा डबा पाठवायचात. झाकणावर तुमचं नाव कोरलेलं. आत वाटीभर दही, विरजणापुरतं. तुमच्या आईकडून आलेलं, अर्धापूरचं, कधी न मोडलेलं. "ताई, ह्याचं लावत जा, ओवीला आवडतं." मी काय करायचे माहीत हाय? कढी. हिंग-जिरं-कढीपत्त्याची फोडणी घालून चांगली उकळून कढी. एक थेंब विरजणाला ठेवला न्हाई. दरसाली तुमचं जितं दही मी उकळून मारलं आन ओवीला म्हणलं, नांदेडचं दही इथल्या पाण्याला लागत न्हाई.

डबा मात्र मी कधी रिकामा परत दिला न्हाई हो. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, एवढं मला कळतंय. तुम्ही दही पाठवलं तर मी धपाटे पाठवले. पुढच्या साली तिळाची चटणी आन धपाटे. त्याच्या पुढच्या साली डिंकाचे लाडू, झाकण लागंना एवढे. ती काही माया नव्हती. तुमच्यापेक्षा माझा हात मोठा दिसावा, एवढंच होतं.

आता यंदाचं.

ओवीची परीक्षा संपायच्या आधीच मी तुम्हाला फोन केला. अश्विनी घरात नव्हती, तेवढीच वेळ साधली. म्हणलं, "यंदा ओवीला नांदेडला पाठवत न्हाई. पोहायला घालायचंय तिला." लातुरात! जिथं प्यायला टँकर बोलवावा लागतो तिथं मी पोरीला पोहायला घालणार होते. तुम्हाला कळलंच असणार. कुणालाबी कळलं असतं. तुमच्या स्वयंपाकघरातला पंखा करकरत होता, तो मला फोनवर ऐकू आला. मग म्हणलात, "बरं ताई. तुमचीबी नातच हाय. दही तेवढं लावत जा तिच्यासाठी. डबा पाठवते."

मी फोन ठेवला आन खरं सांगते, मला लई आनंद झाला. अख्खा मे महिना पोरगी माझी. अश्विनीला काय सांगायचं ह्याची जुळवाजुळव करून राहिले, तर संध्याकाळी तीच आली आन म्हणली, "आई म्हणतीय यंदा ओवीला पाठवू नको. घराला रंग द्यायचाय, पसारा असंल." मी पोळ्या लाटत होते. मान वर केली न्हाई. म्हणलं बरं झालं, माझ्यावर आलं न्हाई. तुम्ही खोटं बोलून मला वाचवलंत आन मी पोळ्या लाटत राहिले.

आठ दिवसांनी तुमच्या पुतण्याबरोबर डबा आला. पहिल्यांदाच ओवीशिवाय आला. मी उघडला न्हाई. फ्रिजात मागं, लोणच्याच्या बरणीमागं ढकलून दिला. कढी करायचीबी हिंमत झाली न्हाई.

पोहायला घातलं न्हाई. तुमच्यासारखा नाश्ताबी दिला न्हाई. पोरगी महिनाभर टीव्ही बघत बसली आन रोज विचारायची, "रंग झाला का गं आजीच्या घराला?" मी म्हणायचे, "झाला की जाऊ." आन मग त्या सकाळी व्याह्यांचा फोन आला. माठ भरता भरता तुम्ही खाली बसलात आन उठलाच न्हाईत.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं. दूधवाला रडत होता. भाजीवाली रडत होती. गल्लीच्या टोकाला फळाचं दुकान हाय ते बागवान चाचा शटर ओढून भिंतीला टेकून उभे होते. आन मला काय वाटावं? लाज वाटते लिहायला. मला वाटलं, मी गेल्यावर एवढी माणसं येतील का? तुम्ही अंगणात निजलेल्या आन मी तुमच्यासाठी आलेली माणसं मोजून राहिले. असली हाय मी.

बायकांनी रीतीप्रमाणं घरातलं भरलेलं पाणी ओतलं, दूध ओतलं. गाडग्यातलं दहीबी मोरीत ओतलं आन गाडगं धुऊन पालथं घातलं. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई काय ओतलं ते. माझ्या आलं होतं. मी बोलले न्हाई.

चूल पेटवायची नव्हती. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून दिली. ओवी खाईना. माझ्या मांडीवर बसून म्हणली, "आजीचा नाश्ता कर ना. त्याला गॅस लागत न्हाई." विहीणबाई, तोंडात मारावं तसं झालं मला. तीन वर्षांमागं मी जे बोलले होते ते तुमच्या स्वयंपाकघरात तसंच्या तसं उभं होतं. खरोखरच सुतकाचं घर, चूल थंड, आन पोरीला हवा होता तो बिनचुलीचा नाश्ता. आन दही मोरीत गेलेलं.

दुसऱ्या दिवशी अश्विनी भिंतींकडं बघत बसली होती. जुनाच रंग, पोपडे निघालेले, तुमच्या खिडकीखाली तेलाचे डाग. ती म्हणली, "रंग तर दिलाच न्हाई हिनं. मग पोरीला नको का म्हणली? कंटाळली होती का आमाला?" मग तिचा आवाज फाटला. "शेवटचं बघूबी दिलं न्हाई तिनं ओवीला. मी न्हाई माफ करणार आईला." मी दाराशी उभी होते. चार पावलांवर. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी पदर सारखा केला आन चहा करायला शेजारी गेले.

चार दिवसांनी आम्ही लातूरला परतलो. ओवी सकाळचं काहीच खाईना. सुशीला केली, न्हाई. धपाटे केले, न्हाई. मैदान मोकळं होतं बघा, तुम्ही न्हाई, आता एकटी मीच आजी. आन माझी सगळी ताटं भरलेली परत येऊन राहिली.

तेव्हा मला डबा आठवला.

बरणीमागून काढला. वरचा थर पिवळा पडलेला, वास आंबूस. वरचं काढलं, तळातलं चमचाभर बरं होतं. डबा हातात धरून मी फ्रिजापुढं खालीच बसले. तुमचं गाडगं मोरीत गेलं. तुमच्या आईपासून चालत आलेलं दही जगात आता एकाच ठिकाणी होतं, जिनं ते दरसाली उकळलं तिच्या फ्रिजात. एकदा वाटलं, फेकून द्यावं. कोण विचारणार? खोटं न्हाई बोलत, तसं वाटलं. तुमचं काहीच मागं राहायला नको, असं क्षणभर वाटलं. मग दूध तापवलं.

पहिल्या दिवशी दह्याला तार सुटली. चमच्याबरोबर लांबच लांब. मी रडले हो. नवरा गेला तेव्हा एवढी रडले नव्हते. त्यातलंच पुन्हा लावलं, दूध बोटाला सोसंल एवढंच कोमट ठेवून. दुसऱ्या दिवशी जरा धरलं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, सुरीनं कापावं असं लागलं होतं. चाखलं. तुमचंच. तीन वर्षांमागं वाटी सरकवली होती तरी मी ओळखलं, कारण तुम्ही पोहे करायला वळलात तेव्हा मी बोटानं चाटून बघितलं होतं. हे आजवर कुणालाच माहीत न्हाई.

ओवी ओट्याजवळ स्टूलावर चढून हुकूम सोडत होती. "फेटायचं न्हाई आजी, नुसतं हलवायचं. केळं बारीक न्हाई, जाड. खरबूज पुसून घे, पाणी सुटतं. गूळ आधी न्हाई, मग. लाह्या आत्ताच न्हाई गं, मऊ पडतील!" मी उभ्या जन्मात कुणाचं एवढं ऐकलं न्हाई. तीन वाट्या भरल्या. अश्विनीला हाक मारली.

ओवीनं पहिला घास खाल्ला. मी तिच्या तोंडाकडं बघून राहिले. ती म्हणली, "नांदेडच्या आजीसारखं न्हाई झालं."

आन विहीणबाई, मला बरं वाटलं. शप्पथ बरं वाटलं. एरवी त्या वाक्यानं माझं डोकं तापलं असतं. आज वाटलं, अजून तुम्हीच पुढं आहात. पोरगी तुम्हाला विसरली न्हाई. ती तसंच बोलत बोलत सगळी वाटी खाऊन गेली आन रिकामी वाटी पुढं केली.

अश्विनीनं एक घास घेतला आन तिथंच थांबली. "हे दही कुठलं?" तिचे डोळे भरले.

मी सांगितलं. उभ्यानंच. डब्याचं, कढीचं, फोनचं, पोहायचं. म्हणलं, "तुझ्या आईनं नको म्हणलं न्हाई. मी नको म्हणलं. ती माझ्यासाठी खोटं बोलली. माफ करायचं न्हाई तर मला करू नको, तिला काही म्हणू नको."

पंखा फिरत होता. ओवी लाह्या एकेक वेचून खात होती. अश्विनीनं वाटी खाली ठेवली. ती ओरडंल असं मला वाटलं, ओरडली असती तर मी ऐकलं असतं. ती एवढंच म्हणली, "का?"

मी म्हणलं, "जळत होते मी तिच्यावर."

ती उठली. दारापर्यंत गेली आन तिथून मागं न बघता म्हणली, "बाबांना तुम्ही सांगा. मी न्हाई सांगणार. आन डबा रिकामा नेऊ नका."

त्यानंतर आज ती माझ्याशी बोललेली न्हाई. दुपारी भांडी घासायला घेतली तर तिची वाटी पुसून घेतल्यासारखी साफ. कधी खाल्ली कळलं न्हाई. आईचं दही म्हणून खाल्ली, माझ्या हातचं म्हणून न्हाई, हे मला कळतंय. मेल्यावरबी तुमचीच वाटी रिकामी होऊन राहिली. जळू नको तर काय करू?

दही लागलंय. आत्ता झाकण काढून बघितलं, वर साय धरून गप पडलंय. तुमचा डबा घासून, उन्हात वाळवून ठेवलाय. ह्या वेळी धपाटे न्हाईत, लाडू न्हाईत. तुमचंच दही काठोकाठ भरते आन ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेऊन येते. आल्या आल्या तुमचं गाडगं सुलटं करीन, दूध कोमट करीन, विरजीन. मग व्याह्यांपुढं बसून सगळं सांगंन. ते दार दाखवतील कदाचित. दाखवू द्या. गाडगं भरलेलं असंल.

आत्ता डबा भरताना झाकणावरचं नाव नीट वाचलं. इतकी वर्षं हा डबा माझ्या घरात येऊन जाऊन होता, नाव डोळ्यांपुढं होतं, आन मी ते एकदाबी तोंडानं घेतलं न्हाई.

उद्या येते, कुसुम.